संस्थेची वेस : संघटन-सिद्धान्त आणि महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाना

प्रस्तावना

संस्था कशा वागतात आणि समाजाशी त्यांचे नाते कसे असते, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकात प्रामुख्याने युरोप व अमेरिकेत झाला. आपल्याकडील समाजशास्त्र, वाणिज्य व लोकप्रशासन या विषयांच्या अभ्यासक्रमांत हे सिद्धान्त बहुधा सिद्धान्तकाराचे नाव, ग्रंथाचे वर्ष आणि चार ठळक मुद्दे या क्रमाने शिकवले जातात. विद्यार्थी ज्या संस्थेच्या सावलीत वाढतो तिच्यावर ते तपासून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वास्तविक गावाच्या रचनेकडे एक चालती यंत्रणा म्हणून पाहण्याची दृष्टी मराठीला नवी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा संघटनशास्त्र हे नावही आपल्या कानी नव्हते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्याचा इतिहास समोर ठेवून या सिद्धान्तांपैकी काहींची परीक्षा केली आहे. बहुतेक सिद्धान्त संस्थेची सीमा गृहीत धरतात. सीमेच्या आत संस्था आणि बाहेर ‘पर्यावरण’ किंवा समाज. साखर कारखान्याच्या बाबतीत मात्र ही सीमा कोठे आखायची, हाच मूळ प्रश्न ठरतो. ती आखणे ही तांत्रिक बाब नसून सत्तेची बाब आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सिद्धान्तांची वाटचाल

रॉबर्ट मिशेल्स यांचा राजकीय पक्षांवरील ग्रंथ १९११ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. मिशेल्स स्वतः समाजवादी होते आणि त्या विचारांमुळे जर्मन विद्यापीठांची दारे त्यांना बंद झाली होती. अभ्यासासाठी त्यांनी लोकशाहीचा सर्वाधिक घोष करणारी संस्था निवडली. जर्मनीचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष जर अल्पजनांच्या हाती जात असेल तर इतर संस्थांविषयी वेगळे काही बोलण्याची गरजच नाही, हा त्यामागील तर्क होता. संस्था मोठी झाली की कामाची वाटणी आवश्यक होते, वाटणीतून तज्ज्ञ निर्माण होतात, तज्ज्ञांकडे माहिती व संपर्काची साधने साठतात आणि सभासद हळूहळू केवळ अनुमोदन देण्यापुरते उरतात. यालाच त्यांनी अल्पजनसत्तेचा पोलादी नियम म्हटले. पुढे मिशेल्स इटलीत गेले आणि मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात दाखल झाले. नियम मांडणाऱ्याचा हा प्रवास नियमाविषयी काय सांगतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

फिलिप सेल्झनिक यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणावर लिहिलेला ग्रंथ साखर कारखान्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचा वाटावा असा आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेले हे प्राधिकरण ‘तळागाळातील लोकांचा सहभाग’ हे आपले तत्त्वज्ञान सांगत असे. सेल्झनिक यांना दिसले ते असे की, स्थानिक विरोध टाळण्यासाठी प्राधिकरणाने आपला शेतीविषयक कार्यक्रम कृषी महाविद्यालयांच्या विस्तार यंत्रणेकडे आणि तिच्याशी जोडलेल्या सधन शेतकऱ्यांकडे सोपवला. ज्यांच्याकडून धोका संभवतो त्यांना सामावून घेणे, या क्रियेला त्यांनी नाव दिले. सामावून घेतलेल्यांनी मग संस्थेचे धोरणच आपल्या बाजूला वळवले. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या शिक्षणसंस्था आणि गरीब कुळे मात्र या सहभागाच्या बाहेर राहिली. ‘लोकसहभाग’ या शब्दातील ‘लोक’ कोण, हा प्रश्न त्या ग्रंथाने कायमचा उभा केला.

नंतरच्या काळातील मांडणी येथे थोडक्यात पुरे. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे दाखवले की, असमाधानी सभासदापुढे दोन वाटा असतात : संस्था सोडणे किंवा संस्थेत राहून आवाज उठवणे. फेफर व सॅलन्सिक यांनी १९७८ मध्ये संस्थेचे वर्तन ती कोणत्या साधनांसाठी कोणावर अवलंबून आहे यावरून समजावून घेतले. मेयर व रोवन (१९७७) आणि डिमॅजिओ व पॉवेल (१९८३) यांनी संस्था कार्यक्षमतेइतकीच, किंबहुना अधिकच, समाजमान्यतेसाठी धडपडते आणि त्यातून एकाच क्षेत्रातील संस्था एकमेकींसारख्या दिसू लागतात, असे प्रतिपादन केले. फ्रीमन यांनी १९८४ मध्ये भागधारकाच्या पलीकडे जाऊन संस्थेच्या निर्णयांची झळ ज्यांना पोहोचते त्या सर्व हितसंबंधीयांचा विचार व्यवस्थापनाने करावा, अशी मांडणी केली. या शेवटच्या सिद्धान्ताची लोकप्रियता त्याच्या स्पष्टतेपेक्षा मोठी आहे.

प्रवरेकाठचा प्रयोग

दख्खनमधील ऊस हे कालव्याचे अपत्य आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाल्यावर अवर्षणप्रवण पट्ट्यात बारमाही पाणी आले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळताच खासगी कंपन्यांनी या पट्ट्यात कारखाने उभारले. त्यांपैकी अनेक कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतः ऊस पिकवत. शेतकरी आपल्याच जमिनीचा खंडकरी किंवा त्यावरचा मजूर झाला. ज्याने स्वतः ऊस लावला त्याला गुळाच्या अडत्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. १८७५ च्या सावकारविरोधी उठावाची आठवण पुणे-नगर भागात अजून बुजलेली नव्हती. १९०४ आणि १९१२ च्या सहकार कायद्यांनी त्या कर्जबाजारीपणावर पतपुरवठ्याचे उत्तर दिले होते, परंतु पतपेढीने पिकाचा बाजार बदलत नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९४५ मध्ये दख्खन कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद झाली आणि शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढण्याच्या कल्पनेला बळ आले. धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता आणि लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ही तीन नावे या इतिहासात एकत्र घेतली जातात, ते योग्यच आहे. गाडगीळ हे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, मेहता सहकारी बँकिंगमधील अधिकारी पुरुष, तर विखे पाटील फारसे शिक्षण नसलेले परंतु गावची पतसंस्था चालवण्याचा अनुभव असलेले शेतकरी. गावोगाव फिरून भाग जमा करण्याचे काम विखे पाटलांनी केले. कारखाना १९४८ मध्ये नोंदला गेला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गाळप हंगाम झाला. गाडगीळ अध्यक्ष व विखे पाटील उपाध्यक्ष ही रचना सुमारे दहा वर्षे टिकली. ‘आशियातील पहिला’ हे या कारखान्यामागे लावले जाणारे विशेषण मात्र जपून वापरावे, कारण आंध्रमधील एटिकोप्पका येथे सहकारी तत्त्वावर साखर करण्याचा प्रयत्न त्याआधी झाला होता. प्रवरेचे महत्त्व पहिलेपणात नाही. तो नमुना पुढे शेकडो ठिकाणी गिरवला गेला यात आहे.

गाडगीळांच्या मनात सहकार ही केवळ व्यवसायाची पद्धत नव्हती. ग्रामीण समाजातील दुर्बळ घटकाला बाजारात उभे राहण्याची ताकद देणारी ती सर्वव्यापी समाजरचना व्हावी, असे त्यांना वाटे. त्यासाठी राज्यसंस्थेने सहकारात भागीदार व्हावे, ही शिफारस ज्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ मध्ये केली, तिचेही ते सदस्य होते. त्यानुसार शासनाने कारखान्यांच्या भागभांडवलात वाटा घेतला, वित्तीय महामंडळांच्या कर्जाला हमी दिली आणि परवाने देताना सहकारी कारखान्यांना प्राधान्य मिळाले. फेफर-सॅलन्सिक यांच्या भाषेत बोलायचे तर, ज्या साधनांनी कारखाना उभा राहिला त्यांची किल्ली मुंबईत होती. कारखान्याचा अध्यक्ष आमदार होणे किंवा आमदाराने कारखाना काढणे, ही पुढील काळातील घटना नैतिक अधःपतन म्हणून सांगितली जाते. ती अवलंबनाची अपरिहार्य परिणती होती, हे अधिक खरे आहे.

पोलादी नियमाची परीक्षा

मिशेल्स यांचा नियम लावायचा तर साखर कारखाना हे त्याचे हुकमी उदाहरण ठरावे. हजारो सभासद, मूठभर संचालक, तांत्रिक व आर्थिक माहिती कार्यालयात, वार्षिक सभेत हात वर करणारे सभासद. घराणेशाहीची तक्रार तर प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. परंतु बा. स. बाविस्कर यांनी कोपरगाव परिसरातील कारखान्याचा केलेला अभ्यास (१९८०) आणि डोनाल्ड अ‍ॅटवुड यांचे नीरा खोऱ्यातील संशोधन (१९९२) यांतून हे चित्र बरेच गुंतागुंतीचे असल्याचे दिसते. संचालक मंडळात मोठे बागाईतदार अधिक होते, हे दोघांनाही मान्य आहे. तरीही अल्पभूधारक सभासद लुबाडला गेला नाही आणि अनेक दशके कारखाने उत्तम चालले. हे कसे घडले?

याचे उत्तर माणसांच्या चांगुलपणात नाही, उसाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटते, म्हणून तो साठवता येत नाही. कारखान्याची यंत्रसामग्री प्रचंड भांडवल अडकवणारी असल्यामुळे ती हंगामभर अहोरात्र चालली तरच परवडते. मोठ्या बागाईतदारांचा एकत्रित ऊस कारखान्याची भूक भागवण्यास अपुरा पडतो. त्यांना लहान शेतकऱ्याचा ऊस हवाच असतो. शिवाय सर्वांना दर टनाला एकच भाव मिळतो. भाव पाडला तर मोठ्या सभासदाचेही नुकसान होते, उलट वाढला तर लहानाचाही लाभ होतो. एक सभासद एक मत या नियमामुळे, भागांची संख्या कितीही असो, प्रतिस्पर्धी गटाला लहान सभासदाच्या दारात जावेच लागते. अल्पजनसत्ता होती, पण तिचे हात उसाच्या भावाने बांधलेले होते.

बांधलेले हात सुटतात कोठे, हेही या अभ्यासांतून ओळखता येते. भावात फरक करता येत नसला तरी तोडणीच्या क्रमात करता येतो. ज्याचा ऊस वेळेवर तुटतो त्याचे वजन भरते; ज्याचा फडात वाळतो त्याचे घटते. विरोधी गटातील सभासदाच्या फडावर टोळी उशिरा पोहोचणे, ही मतपत्रिकेवर न उमटणारी शिक्षा होती. नोकरभरती, वाहतुकीची कंत्राटे आणि ऊस बिलातून होणाऱ्या कपाती हीदेखील अशीच क्षेत्रे आहेत. झोनबंदीने सभासदाला ठरावीक कारखान्यालाच ऊस घालणे भाग पाडले, तेव्हा हर्शमन यांची पहिली वाट बंद झाली. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने झोनबंदीविरुद्ध दिलेला लढा हा मूलतः बाहेर पडण्याच्या हक्काचा लढा होता. गमतीचा भाग असा की, पुढे झोनबंदी उठली, १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला, खासगी कारखाने वाढले आणि बाहेर पडण्याची वाट खुली झाली, तेव्हा आत राहून आवाज उठवण्याची निकड मात्र कमी झाली. ज्याला शेजारचा खासगी कारखाना ऊस नेतो, तो वार्षिक सभेत कशाला भांडेल?

त्यानंतर अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडाले, काही भाड्याने गेले, काही विकले गेले. खरेदीदारांमध्ये सहकारातील नेत्यांशी संबंधित कंपन्याही असल्याचे आरोप झाले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क ठरला. त्याच दुरुस्तीतील राज्यांतर्गत सहकारी संस्थांविषयीचा भाग मात्र राज्यांची संमती न घेतल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्दबातल ठरवला. सभासदाच्या दृष्टीने या घडामोडींनी तोडणीच्या यादीतील त्याचा क्रम बदलला नाही.

मान्यतेचा कारभार

सहकारी कारखाने एकमेकांसारखे का दिसतात, याचे स्पष्टीकरण डिमॅजिओ-पॉवेल यांच्या मांडणीत चांगले सापडते. आदर्श उपविधी, साखर आयुक्तालयाचे नियम, त्याच वित्तसंस्था आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या, आता वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतून येणारे तंत्रज्ञान यांनी कारखान्यांना एका साच्यात घातले. परंतु शाळा, महाविद्यालय, रुग्णालय, देऊळ, वाचनालय आणि संस्थापकाचा पुतळा हा संच कोणत्याही नियमात नव्हता. तो अनुकरणातून आला. मेयर-रोवन यांच्या अर्थाने हा मान्यतेचा कारभार होय. ऊस बिलातील कपातीतून उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांनी ग्रामीण महाराष्ट्रातील पहिल्या पिढीला पदवीपर्यंत नेले, हे निर्विवाद आहे. प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांचे अध्यापन अशाच महाविद्यालयांत चालते, त्यामुळे या वस्तुस्थितीकडे तटस्थपणे पाहणे सोपे नाही. कपात मात्र सभासदाच्या बिलातून झाली आणि संस्था बहुधा वेगळ्या विश्वस्त मंडळाच्या नावावर गेली. कारखाना बुडाला तरी ती टिकली. सीमेची ही एक आखणी झाली : पैसा आतून आला, मालकी बाहेर गेली.

कोयता

दुसरी आखणी याहून जुनी आहे. उत्तर प्रदेशात शेतकरी बहुधा स्वतः ऊस तोडून कारखान्याला पोहोचवतो. महाराष्ट्रातील सहकारी कारखान्याने तोडणी व वाहतूक आपल्या हाती घेतली. कोणत्या फडातील ऊस केव्हा पक्व झाला हे पाहून तोडणीचा कार्यक्रम आखल्यामुळे ताजा ऊस गाळपाला येतो आणि साखरेचा उतारा वाढतो. अ‍ॅटवुड व बाविस्कर यांनी महाराष्ट्रातील कारखान्यांच्या यशाचे हे एक प्रमुख कारण मानले आहे. म्हणजे ज्या कार्यक्षमतेचे कौतुक झाले ती तोडणी कामगाराच्या कोयत्यावर उभी होती.

हा कामगार बीड जिल्ह्यातून आणि मराठवाडा, नगर, नाशिक, खानदेश यांच्या कोरडवाहू टापूंतून येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. कारखाना त्याला नेमत नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी होतो, वाहतूकदार मुकादमाला रक्कम देतो, मुकादम पावसाळ्यातच कामगाराला उचल देऊन हंगामासाठी बांधून घेतो. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मजुरी टनावर ठरते आणि हिशेब बहुधा पुरुषाच्या नावाने होतो. कामावर न गेल्यास खाडा लागतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. यान ब्रेमन यांनी १९७७ च्या हंगामात दक्षिण गुजरातमधील बारडोली परिसरात खानदेशातून गेलेल्या तोडणी कामगारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही सहकाराच्या आत हीच साखळी आढळली. सभासदांच्या सहकाराला त्यांनी भांडवलशाहीचा एक प्रकार मानले. ते विधान सर्वच कारखान्यांना सरसकट लावणे अन्यायाचे होईल, तथापि त्याने दाखवलेली दिशा नाकारता येत नाही.

कामगार आपला नाही, ही कारखान्याची भूमिका. त्याच वेळी तोडणीचा दर राज्यभरासाठी कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना यांच्यातील वाटाघाटींनी ठरत आला. कोंडी झाली तेव्हा शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांचा लवाद बसला. जो आपला कामगारच नाही त्याच्या मजुरीचा करार कारखान्यांचा संघ कोणत्या नात्याने करतो, हा प्रश्न विचारला की सीमेची कृत्रिमता उघडी पडते. पैसा देण्याच्या आणि काम करून घेण्याच्या बाबतीत तो आत आहे. भविष्य निर्वाह निधी, अपघात, बाळंतपण, मुलांची शाळा यांच्या बाबतीत बाहेर. साखरशाळा निघाल्या त्या बहुधा स्वयंसेवी संस्थांच्या प्रयत्नांतून. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील तोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मासिक पाळीत खाडा पडू नये, ही त्या शस्त्रक्रियांमागची एक भीती होती. म्हणजे उताऱ्याची टक्केवारी राखणाऱ्या वेळापत्रकाची किंमत कोणत्या शरीराने मोजली, हे विचारणे संघटनशास्त्राच्या कक्षेबाहेरचे नाही.

मिशेल्स यांचा नियम येथे लागू होत नाही, कारण तोडणी कामगार सभासदच नाही. त्याच्यावर अल्पजनांची नव्हे, सर्व सभासदांची सत्ता आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या भावातून वजा होतो, त्यामुळे कामगाराची मजुरी वाढली की दोन एकरांच्या शेतकऱ्याचाही भाव कमी होतो. ज्या भावाने लहान-मोठ्या बागाईतदारांना एकत्र बांधले, त्याच भावाने त्या दोघांना कोयत्याविरुद्ध एकत्र उभे केले. अ‍ॅटवुड व बाविस्कर यांनी वर्णिलेल्या आघाडीची ही दुसरी बाजू आहे आणि त्यांच्या मांडणीत तिला मिळालेली जागा अपुरी आहे. फ्रीमन यांचा सिद्धान्त या कामगाराला हितसंबंधी म्हणून नोंदवील खरा, परंतु नोंदवून कोणासमोर उभे करील? त्याचे मत वार्षिक सभेत नाही, आणि हंगाम निवडणुकीच्या काळात आला तर स्वतःच्या गावातही ते पडत नाही. सेल्झनिक यांच्या टेनेसी खोऱ्यातील कुळांशीच त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

जुन्या गावगाड्यात वेशीबाहेर राहणाऱ्याच्या श्रमाशिवाय वेशीच्या आतला संसार चालत नसे. कारखान्याच्या गव्हाणीपासून काही अंतरावर हंगामात पडणाऱ्या कोप्यांची रांग पाहताना ते स्मरण होते. आता तोडणी यंत्रांसाठी शासकीय अनुदान मिळू लागले आहे आणि अनेक फडांत यंत्रे दिसतात. कारखान्याच्या छापील वार्षिक अहवालात सभासदांचा ऊस, बिगरसभासदांचा ऊस, कायम व हंगामी कर्मचारी यांचे स्वतंत्र तपशील असतात. तोडणी कामगार सापडतो तो खर्चाच्या बाजूला, ‘तोडणी व वाहतूक’ या एका ओळीत.